मुलाला ‘ढ’ ठरविणारे आपण कोण?

(पोलादपूर येथें शिक्षक व पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा विषय ‘बुद्धि आणि कल्पकता’ असा ठेवलेला आहे. विषय पंडिती दिसतो, पण तो आपल्या चुलीपाशीं बसलेल्या पोराचा आहे. आम्ही कांहीं मानसशास्त्राचे पंडित नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें काढून बाहेर पडलेले आम्ही मराठी शाळेचे मास्तर. तेव्हां पुस्तकांतून जें कळलें तें, आणि वर्गांत चुका करून जें शिकलों तें, एवढेंच आपणांपुढें ठेवणार आहों.

आधीं चूक सांगतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत डोंगरावरच्या एका वाडींतला मुलगा होता. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं आम्ही जादा तास घेत असूं. बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावांत एक प्रश्न आला: नदी, झरा, विहीर, डोंगर, या चारांत न बसणारा शब्द कोणता? उत्तरसूचींत ‘डोंगर’ होतें, कारण बाकीच्या तिहींत पाणी असतें. या पोरानें ‘विहीर’ असें उत्तर दिलें. आम्हीं फुली मारली. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, डोंगरात बी पाणी असतं, झरा तिथनंच येतो. विहीर तेवढी माणसांनी खणलेली.” आम्ही म्हणालों, “फार शहाणपणा करूं नकोस, खालीं बस.” पोरें हसलीं. तो बसला, आणि त्यानंतर वर्गांत आपण होऊन कधीं उठला नाहीं. सरावांत त्याचे गुण कमीच पडत गेले. त्याचा बाप भेटावयास आला तेव्हां आम्हीं त्याला सांगितलें कीं, पोराच्या डोक्यांत कांहीं शिरत नाहीं, उगीच परीक्षेचा नाद नको. बापानें मास्तराचें ऐकलें. पुढें दोन-तीन वर्षांत पोरगा मुंबईस एका खानावळींत कामाला लागला. आतां गणपतीला गांवीं येतो, रस्त्यांत वांकून पाया पडतो, ‘गुरुजी’ म्हणतो. त्यानें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं, आणि हाच आमच्या मनांतला कांटा आहे.

बंधूंनो, त्या मुलाचें उत्तर चूक होतें काय? डोंगराच्या पोटांतून पाणी येतें, हें सूची करणाराच्या ध्यानीं आलें नाहीं. तें त्या पोराला ठाऊक होतें, कारण त्याच्या घरचा हंडा त्या झऱ्यावरच भरत होता. निसर्गानें केलेलें एका बाजूला आणि माणसानें केलेलें दुसऱ्या बाजूला, अशी त्यानें वाटणी केली. ही वाटणी सूचीइतकीच बिनचूक होती. परंतु चाचणीला त्याचें कारण नको होतें. आणि आम्हांलाही नको होतें, हें अधिक वाईट.

या गोष्टीचा विचार केलाच पाहिजे, कारण आज आपल्या पोरांच्या वाटेवर ही चाचणी नाक्यासारखी उभी आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत तीनशें गुणांपैकीं शंभर गुण बुद्धिमत्ता चाचणीचे असतात. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड परीक्षेंत शंभरांपैकीं पन्नास गुण मानसिक क्षमता चाचणीचे. आपल्या रायगड जिल्ह्याचें नवोदय विद्यालय कांहीं फार दूर नाहीं, माणगांव तालुक्यांत निजामपूरला आहे. पण महाड-पोलादपूरच्या वाडीवस्तीवरून तेथें जाणारा रस्ता या प्रश्नांवरून जातो. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय, त्यांतला एक बरोबर. बरोबर उत्तर आधींच ठरलेलें. मुलानें तें हुडकून काढावयाचें, आणि तेंही घड्याळाकडे डोळा ठेवून.

हें हुडकणें खोटें नव्हे. त्यालाही डोकें लागतें. पण डोक्याचें एवढें एकच काम आहे काय? अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघाचे अध्यक्ष जे. पी. गिलफर्ड यांनीं १९५० सालच्या आपल्या अध्यक्षीय भाषणांत हाच प्रश्न विचारला. मागील तेवीस वर्षांत मानसशास्त्रावर निघालेल्या सुमारें १,२१,००० लेखांची व ग्रंथांची सूची त्यांनीं पाहिली. त्यांत कल्पकतेविषयीं अवघे १८६ निघाले. म्हणजे ज्या शक्तीच्या जोरावर माणसानें नांगर घडविला, जातें घडविलें, होडी घडविली, त्या शक्तीकडे पंडितांनीं जवळजवळ पाठच फिरविली होती. गिलफर्ड यांनीं पुढें विचाराच्या दोन तऱ्हा मांडल्या. अनेक वाटा येऊन एका ठिकाणीं मिळतात, तसा एक विचार. सर्व माहिती एकवटून तो एक उत्तर काढतो. एका ठिकाणाहून अनेक वाटा फुटतात, तसा दुसरा. तो एका प्रश्नाचीं अनेक उत्तरें काढतो. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत यांस अभिसारी आणि अपसारी विचार म्हणतात. आपण डोंगरांतलीं माणसें त्यांस मिळत्या वाटेचा आणि फुटत्या वाटेचा विचार म्हणूं. बुद्धिमत्ता चाचणी बहुतेक पहिल्याचीच परीक्षा घेते.

मग दुसऱ्याची परीक्षा कशी घ्यावयाची? गिलफर्ड यांचा प्रसिद्ध प्रश्न विटेचा आहे. विटेचे सुचतील तेवढे उपयोग सांगा. पुढें १९६६ सालीं टॉरन्स यांनीं अशा कसोट्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यांत चार गोष्टी पाहावयाच्या: किती सुचलें, किती निरनिराळ्या तऱ्हांचें सुचलें, इतरांस न सुचलेलें त्यांत किती, आणि सुचलेलें किती तपशिलानें मांडलें. घर बांधणें, भिंत बांधणें, चूल मांडणें हीं उत्तरें तीन झालीं, पण तऱ्हा एकच, बांधकामाची. दाराला वीट लावून ठेवणें, तिच्या भुकटीनें भांडीं घासणें, तिच्यावर कोयत्याला धार लावणें, ह्या निराळ्या तऱ्हा झाल्या.

आतां मुख्य मुद्दा. जो बुद्धिमत्तेच्या चाचणींत पहिला, तोच कल्पकतेंतही पहिला, असें असतें काय? किम नांवाच्या विदुषीनें २००५ सालीं यावरचे २१ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून ४५,८८० माणसें तपासलीं गेलीं होतीं. दोन्ही कसोट्यांचें नातें सरासरीनें ०.१७ भरलें. पूर्ण नातें असतें तर आंकडा १ आला असता, मुळींच नसतें तर शून्य. ०.१७ म्हणजे काय? एका कसोटींत मुलांमुलांमध्यें जो फरक दिसतो, त्याच्या शंभर हिश्श्यांपैकीं तीनच हिस्से दुसऱ्या कसोटीवरून सांगतां येतात. उरलेले सत्त्याण्णव हिस्से अंधारांत!

बुद्धि अगदींच नको, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. कल्पकतेस एका पायरीपर्यंत बुद्धि लागते, असें अनेक मानसशास्त्रज्ञ म्हणत आले. ती पायरी बुद्धिगुणांक १२० अशी ते सांगत. सर्वसाधारण माणसाचा बुद्धिगुणांक १०० धरतात. २०१३ सालीं ऑस्ट्रिया देशांत झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, पुष्कळ कल्पना सुचण्यास ८६ च्या सुमाराची पायरीही पुरते. त्या कल्पना अस्सल नव्या असाव्या असें म्हटलें तर कसोटीप्रमाणें १०० पासून १२० पर्यंत लागतात. पायरी चढल्यावर मात्र अधिक बुद्धिगुणांकाबरोबर कल्पकताही वाढतच जाते, असें दिसलें नाहीं. आतां विचार करा. ज्याला आपण ‘जेमतेम’ म्हणतों, त्या मुलालाही पुष्कळ कांहीं सुचूं शकतें. विचारणारा मात्र पाहिजे.

आणि विचारणारे आपण कसे आहों? १९६२ सालीं गेट्झल्स आणि जॅक्सन या दोघांनीं शिकागोकडील एका शाळेंतल्या मुलांचे दोन गट पाडले. एक बुद्धिगुणांक फार मोठा असलेल्यांचा, दुसरा कल्पकता फार मोठी असलेल्यांचा. अभ्यासांतले गुण दोन्ही गटांचे सारखेच निघाले. पण शिक्षकांना आवडत होतीं तीं पहिल्या गटाचीं मुलें. पुढें १९६५ सालीं वॉलक आणि कोगन यांनीं पांचवींतल्या १५१ मुलांची परीक्षा निराळ्याच रीतीनें घेतली. घड्याळ काढून ठेवलें, ‘परीक्षा’ हा शब्दच काढला नाहीं, एकेका मुलाशीं खेळाच्या बोलीनें बोलले. तेव्हां बुद्धि आणि कल्पकता ह्या दोन निरनिराळ्या वाटा असल्याचें त्यांस स्पष्ट दिसलें. त्यांत एक गट असा निघाला कीं ज्याचे बुद्धिमत्तेचे गुण कमी, पण कल्पकतेचे अधिक. वर्गांत सर्वांत अवघडून बसणारा, स्वतःस कमी लेखणारा, शिक्षकाच्या नजरेला खुपणारा गट हाच होता! मोकळ्या वेळीं मात्र हीं मुलें फुलत होतीं. हें वाचलें तेव्हां विहिरीवाला मुलगा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

मायबापहो, आम्हां बहुजनांस या चाचण्यांकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याचें आणखी एक कारण आहे. ज्ञान अमक्याच्या पोटीं जन्मतें आणि तमक्याच्या पोटीं जन्मत नाहीं, ही शिकवण या देशांत शतकानुशतकें धर्माच्या नांवानें देण्यांत आली. तीच शिकवण परदेशांत शास्त्राचा अंगरखा घालून आली. बुद्धिमत्ता चाचणीचे जनक फ्रान्समधील आल्फ्रेड बिने. त्यांनीं व सिमोन यांनीं १९०५ सालीं पहिली कसोटी केली, ती कोणत्या मुलास जादा मदत पाहिजे हें ओळखण्यासाठीं. बुद्धि ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तु आहे असें म्हणणारांचा बिने यांनीं १९०९ सालीं कडक शब्दांत निषेध केला. १९११ सालीं ते वारले. पुढें त्यांच्याच मोजपट्टीचें काय झालें? पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत घेतलेल्या चाचण्यांवरून ब्रिगम यांनीं १९२३ सालीं पुस्तक लिहिलें आणि उत्तर युरोपांतलें रक्त श्रेष्ठ, बाकीच्यांचें कनिष्ठ असा निवाडा दिला. त्या चाचण्यांत तेथील बाजारांतल्या वस्तू, मोटारी, खेळाडू यांवरही प्रश्न होते. नुकत्याच बोटींतून उतरलेल्या माणसाला ते काय ठाऊक असणार? परक्यांच्या येण्यास अटकाव करणारा कायदा अशाच मतांच्या वाऱ्यांत १९२४ सालीं झाला. १९३० सालीं ब्रिगम यांनीं स्वतःच आपले निष्कर्ष निराधार म्हणून मागें घेतले. चूक कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा. पण कायदा होऊन गेला होता.

दुसरी गोष्ट ऐका. टर्मन यांनीं १९२१ पासून कॅलिफोर्नियांतील हजारों मुलांतून दीड हजारांवर अति बुद्धिमान मुलें चाचणीनें निवडलीं आणि त्यांचें आयुष्यभर निरीक्षण चालविलें. त्याच वेळीं विल्यम शॉकली आणि लुई आल्वारेझ या दोन मुलांची चाचणी झाली, पण गुण कमी पडले म्हणून तीं गाळलीं गेलीं. शॉकली यांस १९५६ सालीं आणि आल्वारेझ यांस १९६८ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निवडलेल्या दीड हजारांत एकालाही तें मिळालें नाहीं. आणि कडेलोट असा कीं, चाचणीनें स्वतः नाकारलेले हेच शॉकली पुढें काळ्या लोकांस जन्मतःच बुद्धि कमी असते असें सांगत फिरले! उंच बसावयास मिळालें कीं माणूस आपल्यावर झालेला अन्याय कसा विसरतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. आपल्या समाजांतल्या शिकलेल्यांनींही हें मनाशीं ठेवावें.

आपल्या मराठींतही या शास्त्राचें काम झालेलें आहे. बिने यांची कसोटी कानडी व मराठी मुलांसाठीं बदलून घेण्याचें काम व्ही. व्ही. कामत यांनीं केलें. त्यावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९४० सालीं निघालें. पुण्यास १९६२ सालीं आप्पा पेंडसे यांनीं स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनींत गिलफर्ड यांच्या आराखड्यावर अभ्यास झाला, चाचण्या तयार झाल्या. हें काम मोलाचें आहे, कोणीं केलें तरी मोलाचें आहे. पण आमच्या खेड्यापर्यंत या शास्त्रांतलें काय पोहोंचलें? बाजारांतलें गाईड आणि सरावाचा प्रश्नसंच! शास्त्र पुण्यास राहिलें आणि फुली तेवढी आमच्या पोराच्या पाटीवर आली.

येथें कोणी म्हणतील, “गुरुजी, मग ही चाचणी बंद करावी काय?” आमचें उत्तर, नाहीं. छापील प्रश्नपत्रिका आडनांव पाहत नाहीं, बापाचे कपडे पाहत नाहीं. तोंड पाहून गुण देणाऱ्या मास्तरापेक्षां ती पुष्कळ बरी. तिच्या जोरावर गरिबांचीं मुलें पुढें गेलीं आहेत आणि जात राहतील. तेव्हां मुलांना तिच्यासाठीं तयार कराच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ती चाळणी आहे, न्यायाधीश नव्हे. चाळणींतून जें खालीं पडलें तें सगळें कोंडा असतें, असें कोणती शेतकरीण म्हणेल? ती सूप घेऊन पुन्हां पाखडते.

आणि कल्पकतेच्या कसोटीलाही आपण नवा देव करूं नये. वर्गांत आम्हीं एकदां तो विटेचा प्रश्न विचारला. वर्गांत एक कातकरी मुलगी होती. तिचीं माणसें दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडीं परत येत. परीक्षेच्या कागदापुढें जिचा हात थरथरे, ती बोलूं लागली. थंडींत वीट तापवून फडक्यांत गुंडाळून आजीची कंबर शेकायची. झोळी वाऱ्यानें हलूं नये म्हणून खालीं बांधायची. पाट नसला तर बसायला. चिंच फोडायला. ओढ्याचें पाणी कितीसें चढलें हें पाहायला एकीवर एक ठेवायची. वर्ग थक्क झाला. आम्हांसही भरून आलें. पण घरीं जातांना मनांत आलें कीं, महाडच्या बाजारपेठेंतल्या दुकानदाराच्या मुलाला विटेचे इतके उपयोग सुचले नाहींत, म्हणून तो ‘ढ’ ठरतो काय? त्याला बारदानाचे उपयोग विचारा, तोही थांबणार नाहीं. जें हातांत खेळलें, तेंच डोक्यांत फुटतें. म्हणून कोणतीही कसोटी नुसती बुद्धि किंवा नुसती कल्पकता मोजीत नाहीं; मूल कोठें वाढलें, कोणती भाषा बोललें, भीत होतें कीं मोकळें होतें, हेंही ती मोजते. जन्माची उतरंड मोडावयाची आणि गुणांची नवी उतरंड रचावयाची, हा आपला धर्म नव्हे.

चवदार तळ्याची हकीकत या मुलखांत कोणास सांगावी लागत नाहीं. तिच्यांतली एक गोष्ट मात्र आम्हांस वारंवार आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ सालीं तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि पाणी तळ्यांत राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह चालत गेले आणि त्यांनीं ओंजळ भरली, तेव्हां ठरावाला अर्थ आला. कोर्टकचेरी संपावयास तर १९३७ साल उजाडलें. आज २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत मुलांच्या कल्पकतेविषयीं आणि स्वतंत्र विचाराविषयीं चांगले शब्द लिहिलेले आहेत. हाही ठरावच आहे. ओंजळ कोण भरणार? ती वर्गांतच भरली पाहिजे, आणि त्यासाठीं कोणाच्या हुकमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

शिक्षक बंधुभगिनींनो, रोज एक प्रश्न असा विचारा कीं ज्याचीं उत्तरें अनेक आहेत. त्याला गुण देऊं नका, घड्याळ लावूं नका. मूल आपल्या घरच्या बोलींत बोललें तर तें आधीं लिहून घ्या, शुद्ध मागाहून करा. चाचणींत मुलाचें उत्तर सूचीशीं जुळलें नाहीं, तर फुली मारण्यापूर्वीं ‘कां रे बाबा?’ एवढे शब्द खर्च करा. परीक्षेंत गोल कोणता काळा करावयाचा तें त्याला जरूर शिकवा, पण तुझें उत्तरही खरें आहे हें सांगून मग शिकवा. परीक्षा पास होण्याची युक्ति आणि स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास, दोन्ही त्याच्या दप्तरांत पाहिजेत.

आणि आईबापांनो, तुम्हांस हात जोडून विनंति आहे. मास्तरानें ‘पोराला डोकें नाहीं’ असें सांगितलें, तर तें देववाणी म्हणून ऐकूं नका. मास्तर चुकतो. तुमच्यापुढें उभा आहे तो चुकलेला आहे. त्याला उलट विचारा कीं, गुरुजी, तुम्ही पोराला काय विचारलंत, आणि तो काय म्हणाला?

महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें मागितलें. आणि त्याबरोबर, ज्यास नांगराला हात लावण्याची लाज वाटत नाहीं असा शिक्षकही मागितला. पुष्कळांस वाटतें, ती मागणी जातीपुरती होती. आम्हांस आतां वाटतें कीं, ती डोक्याविषयींही होती. ज्याला नांगर ठाऊक आहे, त्यालाच नांगर धरणाराच्या पोराचें उत्तर समजेल. आम्ही स्वतः शेतकऱ्याच्या पोटचे. आम्हांस झरा कोठून येतो हें ठाऊक होतें. तरी आम्हीं सूचीकडे पाहिलें आणि पोराकडे पाहिलें नाहीं. येत्या गणपतींत तो गांवीं आला म्हणजे त्याला घरीं बोलावून आम्ही सांगणार आहों कीं, बाबा, तुझें उत्तर बरोबर होतें. उशीर झाला आहे. पण त्याचाही मुलगा आतां शाळेंत जाऊं लागला आहे, आणि त्या मुलानें आपल्या बापाला ‘ढ’ समजूं नये, एवढें तरी आमच्या हातून व्हावें.